रन, विकेट आणि कोपरे

खानदेशात जुना कागद जपून ठेवण्याला जी अब्रू आहे, ती अमळनेरने मिळवून दिली. २९ डिसेंबर १९४५ ला तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली. सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ नावाचा कपड्यांचा साबण हा तिचा माल. गावातल्या ज्यांनी थोडेफार शेअर घेतले आणि विकायचे राहून गेले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना कळलं की आपल्या पेटीत विप्रो पडून आहे. तेव्हापासून धुळे-जळगावकडे कोणाच्याही माळ्यावर पिवळा पडलेला कागद निघाला की घरातले सगळे हातातलं काम टाकून जमतात. बहुतेक वेळा तो जिनिंगचा जुना हिशेब असतो.

अलीकडे या माळ्यांवरून आणखी एक प्रकारचा कागद खाली येतो आहे. बबलगमबरोबर, चिप्सबरोबर किंवा गल्लीच्या दुकानात सुट्या संचात मिळालेले खेळाडूंचे पत्ते. चाळिशी-पन्नाशीतली माणसं ते पुसून, फोटो काढून मोबाइलवर विकायला लावतात. अमेरिकेत बेसबॉलच्या पत्त्याला कोट्यवधी रुपये आल्याची बातमी एकदा वाचली की कोणालाही आपला डबा आठवतो. माझ्या धुळ्याच्या आतेभावालाही आठवला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, देवपुरातल्या घराच्या पोटमाळ्यावरून काढलेला. पत्ते लावायला त्याने मला बसवलं. आत्या दारातूनच म्हणाली, “इतकी वर्षं मी सांगत होते फेकून द्या म्हणून, आता बरे मांडून बसलात!”

लावता लावता कळत गेलं की असल्या पत्त्यांची वर्गवारी याआधीही अनेकांनी केली आहे, आणि प्रत्येकाचा हिशेब निराळा होता. सिगारेटवाल्याचा एक, पोराचा दुसरा, अभ्यासकाचा तिसरा. विकणाऱ्याचा हिशेब या सगळ्यांत नवा आणि, मला वाटतं, पोराच्या हिशेबाच्या अगदी उलटा.

पत्त्याचा जन्म चित्रासाठी झालाच नाही. एकोणिसाव्या शतकात सिगारेटचं पाकीट नुसत्या कागदाचं असे आणि खिशात सिगारेटी मोडत. त्याला ताठपणा यावा म्हणून आत एक जाड पुठ्ठा घालत. हा पुठ्ठा कोरा कशाला, म्हणून १८८० च्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी त्यावर चित्रं छापायला सुरुवात केली. अ‍ॅलन अँड गिंटर कंपनीने १८८७ च्या सुमारास काढलेल्या जगज्जेत्यांच्या मालिकेत ५० पत्ते होते आणि त्यांत बेसबॉलवाले फक्त १०. बाकीचे मुष्टियोद्धे, कुस्तीगीर, नेमबाज. इंग्लंडात विल्स कंपनीने १८९६ मध्ये क्रिकेटपटूंची मालिका काढली. त्याच विल्सच्या सिझर्स सिगारेटी हिंदुस्थानात खपत, आणि १९१२ च्या सुमारास त्यांच्या पाकिटांतून हिंदुस्थानी पलटणींची चित्रं येत. दुलीपसिंहजी जॉन प्लेअरच्या १९३० च्या मालिकेत आहेत. आपल्याकडचा शेतकरी आणि मिलमजूर ओढायचा ती विडी, आणि विडीच्या बंडलाला पुठ्ठ्याची गरज नव्हती. त्यामुळे खानदेशातल्या पेट्यांत हे पत्ते निघाले तर एखाद्या जुन्या वकिलाच्या वाड्यात निघतात, एरवी नाही.

कंपनीने पत्त्यावर चित्राबरोबर आणखी एक गोष्ट छापली, आणि माझ्या मते सगळा खेळ तिथेच सुरू झाला. तो म्हणजे मागच्या बाजूचा क्रमांक. धुळेकराला नंबराचं अप्रूप नसावं. कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या इथल्या पेठेत गल्ल्यासुद्धा नंबरानेच ओळखल्या जातात. पण पन्नासपैकी सतरावा पत्ता हातात आला की उरलेले एकोणपन्नास आपल्याकडे नाहीत, हे तो पत्ता स्वतःच सांगतो. सुटं चित्र मिळालं तर माणूस खूश होतो. नंबर घातलेलं मिळालं की तो दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात जातो.

या युक्तीचं टोक गाठलं बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीने. १९३३ मध्ये तिने बबलगमबरोबर बेसबॉलच्या २४० पत्त्यांची मालिका काढली, आणि त्यातला १०६ नंबरचा पत्ता छापलाच नाही. पोरं पुडे फोडत राहिली, गम चघळत राहिली, १०६ कोणालाच मिळेना. तक्रारीची पत्रं गेली तेव्हा पुढच्या वर्षी कंपनीने नॅप लाजोई या खेळाडूचा तो पत्ता छापला आणि ज्यांनी पत्र लिहिलं त्यांना टपालाने पाठवला. आज त्या मालिकेतला सर्वांत दुर्मिळ पत्ता तोच. आमच्याही गल्लीत “अमुक एक नंबर कंपनी मुद्दाम पाठवत नाही” असा ठाम समज होता. मोठी माणसं हसायची. ती पोरं अगदीच चुकीची नव्हती.

आता अभ्यासकाची वर्गवारी. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये जेफरसन बर्डिक नावाचा एक अविवाहित कारखाना-कामगार राहत असे. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. सिगारेट, गम, चहा, साबण, ज्या ज्या मालाबरोबर छापील चित्र येई ते सगळं त्याने जमवलं, तीन लाखांहून जास्त नग. १९३९ मध्ये त्यांची सूची छापली आणि प्रत्येक मालिकेला अक्षर आणि आकडा दिला. विसाव्या शतकातले तंबाखूचे टी, त्यानंतरचे गमचे आर. १९०९ ते १९११ मधली जी मालिका आज जगात सर्वांत प्रसिद्ध आहे, तिला टी२०६ म्हणतात ते त्याच्यामुळे. हा सगळा साठा त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि कित्येक वर्षं तिथे बसून, दुखऱ्या बोटांनी, पत्ते वह्यांत लावले. जानेवारी १९६३ मध्ये काम संपवून उठला आणि दोनेक महिन्यांत वारला. आजच्या विकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल अशी गोष्ट म्हणजे बर्डिकने ते पत्ते वह्यांत डिंकाने चिकटवले. त्याच्या लेखी पत्ता म्हणजे पुरावा होता, त्याला बाजारभाव होता कुठे?

बर्डिकबद्दल वाचताना धुळ्याच्या माणसाला राजवाडे आठवल्यावाचून राहत नाहीत. गावोगाव पायी हिंडून, वाड्यावाड्यांत सडत पडलेली दप्तरं मिळवून इतिहासाचार्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. पहिला १८९८ चा. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात वारले, आणि त्यांच्यामागे इथेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. बर्डिकने फुकट मिळालेली चित्रं आणि राजवाड्यांनी लोकांनी टाकून दिलेली पत्रं, दोघांनी आधी नंबर घातले आणि मग अर्थ लावला. किमतीचा प्रश्न दोघांनाही शिवला नाही. आतेभावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “राजवाड्यांना पोराच्या कॉलेजची फी भरायची नव्हती.” यावर काय बोलणार?

आपल्याकडच्या पोरांची वर्गवारी मात्र सुरुवातीपासून वेगळ्या वळणाची. आमच्या आधीच्या पिढीचे छाप होते. काडेपेटीचं वरचं चित्र आणि सिगारेटच्या पाकिटाची दर्शनी बाजू. मातीत गोल आखायचा, मध्ये छापांची चळत ठेवायची आणि शहाबादी फरशीच्या चपट्या तुकड्याने नेम धरून ती गोलाबाहेर काढायची. प्रत्येक छापाचा भाव ठरलेला. चारमिनार गल्लोगल्ली सापडे म्हणून स्वस्त, विलायती पाकीट महाग. जळगाव-भुसावळच्या पोरांना रेल्वे स्टेशन हा खजिना होता, मुंबईहून आलेल्या गाड्यांतून काहीही पडू शकायचं. हा भाव दुर्मिळतेवरच ठरायचा, पण छाप फाटका आहे की कोरा याला कोणी विचारत नसे. फरशी लागून लागून सगळेच फाटके.

मग गोल्डस्पॉटच्या बुचांखालची जंगलबुकची चित्रं आली आणि १९८७ च्या रिलायन्स विश्वचषकाच्या आगेमागे बिग फन बबलगम. त्या गमबरोबर क्रिकेटपटूचं चित्र यायचं आणि त्यावर रन किंवा विकेट छापलेल्या असायच्या. ठरावीक रन आणि ठरावीक विकेट जमल्या की बक्षीस. इथे वर्गवारीचा नियम पार बदलला. चित्र गावसकरचं आहे की किरमाणीचं हे दुय्यम. चार आहे की सहा, ते महत्त्वाचं. पोरं दुपारी ओट्यावर बसून बेरजा करत, चौकारांचा एक गठ्ठा, षटकारांचा वेगळा, विकेटचा रुमालात बांधलेला. माझ्यासारख्या अनेकांचा सहाचा पाढा असाच पाठ झाला.

ब्रिटानियाने १९९९ मध्ये हाच डाव मोठ्या प्रमाणावर मांडला, ‘ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ’. पुड्यावर रन, शंभर जमले की खरवडायची पुस्तिका, नशीब असेल तर थेट इंग्लंड. त्या वर्षी कित्येक घरांत चहाबरोबर दुसरं बिस्किट दिसलंच नाही. पण यातली मेख अशी की रन जमले की पुडा परत द्यावा लागे. बक्षीस हवं तर संग्रह सोडायचा, संग्रह ठेवायचा तर बक्षीस विसरायचं. अमेरिकन पोराच्या खोक्यात पत्ते साठत गेले. आपल्या पोराचे पत्ते दुकानदाराच्या हातातून कंपनीच्या गोदामात आणि तिथून कुठे गेले देव जाणे. आज त्या काळचं काही शिल्लक दिसलं तर समजावं, त्या पोराला शंभर रन पुरे करता आले नाहीत. आतेभावाच्या डब्यात असे ८२ रन निघाले.

डब्यातला सर्वांत मोठा गठ्ठा ट्रम्प कार्डांचा. इंग्लंडात १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात टॉप ट्रम्प्स निघाले, त्याच जातीचे संच नव्वदच्या दशकात आपल्या दुकानांत लटकू लागले. विमानं, क्रिकेटपटू आणि सर्वांवर कडी म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफचे पैलवान. उंची, वजन, छाती, दंड, लढती, क्रमवारी. समोरच्याने वजन पुकारलं आणि आपल्या हातात योकोझुना असला की बाकी काही बघायचं कारण नव्हतं. या पत्त्यांची वर्गवारी ताकदीवर. पोरगा हातातले पत्ते असे लावायचा की कोणता कशात जिंकतो ते डोळे मिटून सांगावं. आमच्या संचातला योकोझुना पाठीमागूनही ओळखू येतो, कारण कोणीतरी त्याचा कोपरा हिशेबाने दुमडून ठेवला आहे. आतेभाऊ म्हणतो तो मी. मला तसं आठवत नाही. छापणाऱ्याचं नाव संचावर कुठेच नाही, आणि परवानगी वगैरेचा तर विषयच नको.

त्यानंतर चिप्सच्या पाकिटांतले टॅझो, आणि २००८ मध्ये आयपीएल सुरू झाल्यावर टॉप्स या अमेरिकन कंपनीचे क्रिकेट अटॅक्स. टॉप्स म्हणजे बेसबॉल पत्त्यांची जुनी पेढी. म्हणजे सिगारेटच्या पुठ्ठ्यापासून निघालेली वाट सव्वाशे वर्षांनी जळगावच्या फुले मार्केटमध्ये येऊन पोचली. तेव्हा जमवणारी पिढी आमची नव्हती, आमच्या पुतण्यांची होती.

आता टॉप्सचीच एक गोष्ट सांगायला हवी, कारण विकणाऱ्याचा हिशेब तिच्यातून निघतो. १९५२ ची टॉप्सची मालिका ४०७ पत्त्यांची. नंतरच्या टप्प्यातले पत्ते बाजारात उशिरा गेले, हंगाम संपत आला होता, माल उरला. गोदाम अडून राहिलं म्हणून १९६० मध्ये ती खोकी बोटीत भरून अटलांटिकमध्ये बुडवली, असं ती मालिका घडवणाऱ्या साय बर्गरनेच सांगून ठेवलं आहे. त्यातच मिकी मँटलचा ३११ नंबरचा पत्ता होता. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. आयांनी फेकले, कंपनीने बुडवले, पोरांनी सायकलच्या आऱ्यांत अडकवून फाडले, म्हणून उरलेल्याला भाव आला. ज्या दिवशी लोकांना हे कळलं आणि सगळेच जपून ठेवू लागले, त्या दिवसापासूनचे पत्ते ढिगाने शिल्लक आहेत. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातले खोके भरभरून पत्ते आज कोणी फुकट घेत नाही, इतके ते छापले गेले आणि इतके ते जपले गेले.

तरी एवढ्याने भागत नाही. जुना आणि दुर्मिळ पत्ता असला तरी त्याची तब्येत बघतात. १९९१ पासून पीएसए नावाची अमेरिकन कंपनी पैसे घेऊन पत्ते तपासते आणि १ ते १० गुण देऊन प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद करते. चित्र चौकटीच्या मध्यावर आहे का, चारही कोपरे धारदार आहेत का, कडा पांढऱ्या पडल्यात का, पृष्ठभागावर ओरखडा आहे का, ही चार कलमं. गंमत अशी की या कंपनीने पहिला नंबर दिलेला पत्ता होता टी२०६ मधला होनस वॅग्नर, ८ गुण मिळालेला. २०१३ मध्ये लिलाववाल्या बिल मास्ट्रोने कोर्टात कबूल केलं की त्या पत्त्याच्या कडा आपण कातरून सरळ केल्या होत्या. सराफ्यात कसोटीच्या दगडावरच सोन्याचा मुलामा निघावा, तसलाच प्रकार. धंदा मात्र बंद पडला नाही, वाढला.

या चार कलमांची फूटपट्टी घेऊन आम्ही डब्याला हात घातला तेव्हा पहिला घाव रबरबँडने घातला. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर त्याहून जास्त. वीस-पंचवीस उन्हाळ्यांत रबर आधी वितळलं, मग वाळून काचेसारखं झालं. प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या आणि खालच्या पत्त्यावर आडवा तपकिरी पट्टा, सोलायला गेलं की शाई सोबत येते. वर सर्वांत आवडता पत्ता ठेवायची पोरांची रीत. म्हणजे प्रत्येक गठ्ठ्यातला नेमका तोच गेला. जे पत्ते आतेभावाने त्या काळी मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये घालून ‘नीट’ ठेवले होते, ते प्लास्टिकला चिकटून बसलेत. उघड्यावर धूळ खात पडलेले बरे निघाले.

पुढे आम्ही मालिकेप्रमाणे ढीग केले, नंबर लावले, कमी कोणते ते वहीत लिहिलं, मग उजेडात तिरपे धरून कोपरे बघितले. आणि तिथे आतेभाऊ चिडला. सचिनचे पत्ते एकूण एक गोलमटोल कोपऱ्यांचे. एक कंपासपेटीत वर्षभर फिरलेला, एक शर्टाच्या खिशात धुतला गेलेला, एकावर मागे बॉलपेनने घराचा पत्ता. याउलट ज्या खेळाडूंची नावं वाचून आम्हाला चेहरे आठवेनात, त्यांचे पत्ते कालच पाकिटातून काढल्यासारखे. पोराने ज्याच्यावर जीव लावला तो बाद, ज्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही तो पास. बाजाराला हवा कोऱ्या कोपऱ्यांचा सचिन. तो ज्याच्याकडे असेल त्याने लहानपणी नेमकं केलं काय, असा प्रश्न मला पडतो.

भाव शोधताना आतेभाऊ आधी मागितलेल्या किमती बघत होता. मागायला काय जातं! हा धंदा करणारी पोरं बघतात ती झालेल्या विक्रीची किंमत, आणि ती बहुधा मागणीच्या दहाव्या हिश्श्यात असते. पूर्वी त्यासाठी एक ठिकाण होतं. २००० मध्ये बाझी डॉट कॉम निघालं, २००४ मध्ये ते ईबेने घेतलं, २०१८ मध्ये ईबेचं भारतीय दुकान बंद झालं. आता सौदे फेसबुकच्या गटांत आणि इन्स्टाग्रामवर होतात. तिथे भाव ठरतो बोलाचालीने आणि विश्वास ठरतो जुन्या गिऱ्हाइकांच्या शिफारशीवर. “पैसे पाठवतो, तुम्ही फक्त क्यूआर कोड स्कॅन करा” म्हणणारा ‘फौजी’ पहिल्याच दिवशी भेटला. पैसे घेताना काहीही स्कॅन करावं लागत नाही, एवढं आत्यालाही माहीत होतं. परदेशी गिऱ्हाइकाचा मोह आम्ही टाळला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी काढून घेतली आणि आपल्या डाक खात्याने तिकडची पार्सलं काही काळ थांबवली, तेव्हापासून दोनशे रुपयांच्या पत्त्यासाठी ती कटकट परवडणारी नाही. मधल्या काळात, २०२१ च्या सुमारास, क्रिकेटचे डिजिटल पत्ते विकणाऱ्या कंपन्याही निघाल्या. त्या पत्त्यांना कोपरेच नव्हते. भाव तरीही पडले.

शेवटी विकलं गेलं ते असं. पुतण्याचे क्रिकेट अटॅक्स घाऊक, नागपूरच्या एका कॉलेजकुमाराला. ट्रम्प कार्डांचा क्रिकेटचा पूर्ण संच पुण्याला, आणि त्याला अपेक्षेपेक्षा बरे पैसे आले कारण सोबतची नियमांची चिठ्ठी शाबूत होती. तिच्याकडे आम्ही लहानपणी कधी बघितलंही नव्हतं. पैलवानांच्या संचाला गिऱ्हाईक आलं, त्याने मागच्या बाजूचे फोटो मागवले आणि योकोझुनाचा कोपरा बघून नको म्हणाला. जाड पुठ्ठ्यांत दाबून, चिकटपट्टी पत्त्याला लागू न देता, स्पीड पोस्टने पार्सलं गेली. हाती आलेल्या पैशांत एक कुटुंब शेवभाजी खाऊन येईल, कॉलेजची फी नाही.

बिस्किटांच्या पुड्यांचे ते ८२ रन मात्र आतेभावाने वेगळे लावले होते. त्यांवर एका संग्राहकाचा मेसेज आला. रन नकोत, म्हणाला, ते बऱ्याच जणांकडे आहेत. १९९९ ची खरवडायची पुस्तिका हवी, पण न खरवडलेली. मागाल ती किंमत देतो.

“न खरवडलेली?” आतेभावाने फोन माझ्याकडे फिरवला. “शंभर रन जमवून हातात आलेली पुस्तिका न खरवडता ठेवणारं पोरगं धुळे जिल्ह्यात असेल, तर त्याला आधी डॉक्टरला दाखवा म्हणावं.” आणि उत्तरादाखल त्याने साक्री, शिरपूर, नंदुरबारच्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर तो मेसेज जसाच्या तसा टाकून दिला, कोणाकडे निघाली तर बघा म्हणून.